न्यू जर्सीच्या परसात ब्लूबेरी: माती तपासण्यापासून छाटणीपर्यंत

ब्लूबेरी लावायची म्हणजे एप्रिलमध्ये रोपवाटिकेतून रोप आणायचे आणि खड्डा खणायचा, असा बहुतेकांचा समज असतो, आणि माझाही तोच होता. एडिसनच्या आमच्या घरामागे मी पहिली तीन झुडपे लावली, तेव्हा देशावरच्या घरात लहानपणापासून जे पाहिले होते तेच केले. खड्डा खोल घेतला, त्यात कुजलेले शेणखत आणि घरचे कंपोस्ट भरपूर मिसळले, आणि टोमॅटोला मानवते म्हणून शेकोटीतली दोन ओंजळी राखही घातली. जूनपर्यंत कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. उसावर किंवा भुईमुगावर आपण ज्याला केवडा म्हणतो, तोच हा प्रकार होता. खत कमी पडले असे समजून मी आणखी खत घातले, आणि पुढच्या वसंतात तिघांपैकी एकच झुडूप फुटले. दुखणे उपासमारीचे नव्हते, मातीच्या सामूचे, म्हणजे आंबटपणाच्या मापाचे होते, आणि माझ्या प्रत्येक उपायाने ते वाढतच गेले होते.

म्हणून हे मार्गदर्शन मातीपासून सुरू करतो, आणि मातीवरच त्याचा बराच भाग खर्च करतो. बाकीची कामे, म्हणजे लागवड, पाणी, जाळी, छाटणी, ही कोणत्याही फळझाडाची निगा राखलेल्या माणसाला एक-दोन हंगामांत जमतात. माती मात्र आधी बिघडली, तर झुडूप जमिनीत असताना ती दुरुस्त करणे फार कठीण जाते.

माती आणि सामू

बाजारात मिळणारी मोठ्या फळाची ब्लूबेरी, म्हणजे उंच वाढणारी ‘हायबुश’ जात, ही मूळची अमेरिकेच्या पूर्व भागातली आहे. न्यू जर्सीच्या दक्षिणेकडे पाइन बॅरन्स नावाचा जो विस्तीर्ण पाइनच्या जंगलाचा प्रदेश आहे, तिथल्या वाळूसारख्या, निकस आणि आंबट मातीत ती रानात आपोआप वाढते. वर वाळू असते आणि थोड्याच खोलीवर पाणी, त्यामुळे मुळे सदैव ओलसर राहतात, पण पाण्यात कुजत नाहीत. अमेरिकी कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि सुपीक बागाईत मातीत ही वनस्पती खुरटते, तर आम्ल मातीत ती जोमाने वाढते, हे दाखवून दिले. ते वाचून व्हाइट्सबॉग येथील क्रॅनबेरीच्या मळ्यातल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना आपली जमीन देऊ केली. रानातून बेरी गोळा करणाऱ्या स्थानिक लोकांना व्हाइट यांनी ५/८ इंचाचे माप दिले आणि एवढे मोठे फळ धरणारी झुडपे दाखवणाऱ्याला मोबदला दिला. त्यांतले एक झुडूप शोधून देणाऱ्या रूब लीक यांच्या नावावरून ‘रूबेल’ म्हणून ओळखले गेले, आणि ते वाण आजही लावले जाते. लागवड केलेल्या ब्लूबेरीचे पहिले पीक व्हाइट्सबॉगहून १९१६ साली बाजारात गेले. म्हणजे जे फळ आपण इतके जुने समजतो, त्याची शेती उणीपुरी शंभर वर्षांची आहे, आणि ती सुरू होण्यासाठी आधी मातीच्या आंबटपणाचे कोडे सुटावे लागले.

ब्लूबेरीला ४.५ ते ५ या दरम्यानचा सामू, म्हणजे पीएच, लागतो. मध्य आणि उत्तर न्यू जर्सीतल्या घरांच्या लाल, चिकट मातीचा सामू बहुधा ६ ते ६.५ असतो, आणि हिरवळीसाठी आधीच्या घरमालकाने वर्षानुवर्षे चुना टाकलेला असेल, तर तो त्याहूनही वर जातो. हा फरक आकड्यांत लहान दिसतो, पण सामूची मोजपट्टी दसपटीने चढते, त्यामुळे ५.५ च्या तुलनेत ४.५ ची माती दहापट आम्ल असते. सामू वाढला की मातीतले लोह मुळांना घेता येत नाही, मग ते कितीही असो, आणि केवडा दिसू लागतो. परसात अझालिया खताशिवाय तरारून येत असेल, तर ती ब्लूबेरीच्याच कुळातली असल्याने माती बरी असण्याचा तो एक शकुन मानावा, पण त्यावर विसंबून तपासणी टाळू नये.

तपासणीसाठी रटगर्स विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा आहे आणि प्रत्येक काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयातून तिची माहिती मिळते. वाफा जिथे करायचा, तिथल्या सात-आठ जागांवरून सहा ते आठ इंच खोलीपर्यंतची माती घ्यावी, एकत्र करून सुकवावी आणि त्यातली पाठवावी. कोणते पीक घ्यायचे आहे ते अर्जावर लिहावे, म्हणजे शिफारस ब्लूबेरीची येते, हिरवळीची नव्हे. दुकानातली दोन दांड्यांची स्वस्त मापके मी वापरून पाहिली आहेत, आणि एकाच खड्ड्यात त्यांनी मला तीन वेगवेगळे आकडे दाखवले आहेत.

सामू उतरवण्याचे खरे साधन गंधक हे आहे. शंभर चौरस फूट दुमट, म्हणजे ना वाळूची ना चिकण अशा मातीचा सामू ६ वरून ४.५ वर आणायला साधारण साडेतीन पौंड गंधक लागते, आणि ६.५ वरून आणायचा असेल तर साडेचार पौंडांहून किंचित जास्त. वाळूच्या मातीला याच्या सुमारे एक तृतीयांश पुरते, तर चिकण मातीला जवळजवळ दीडपट लागते. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात माती ६.२ निघाली. वाफा ४ फूट रुंद आणि १२ फूट लांब, म्हणजे ४८ चौरस फूट. शंभर फुटांना चार पौंड धरले, तर त्याच्या निम्मे म्हणजे दोन पौंड, सुमारे ९०० ग्रॅम, एवढा हिशेब झाला. हे गंधक आदल्या उन्हाळ्यात पसरून वरच्या सहा ते आठ इंच मातीत चांगले मिसळावे लागते, कारण त्याचे आम्लात रूपांतर करण्याचे काम मातीतले जिवाणू करतात, आणि ते माती उबदार व ओलसर असतानाच काम करतात. हिवाळ्यात टाकलेले गंधक वसंतापर्यंत तसेच पडून राहते. एप्रिलमध्ये लावायचे असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये गंधक घालून मार्चमध्ये माती पुन्हा तपासावी. काही जण झटपट परिणामासाठी अॅल्युमिनियम सल्फेट सुचवतात, पण त्याची मात्रा बरीच जास्त लागते आणि अॅल्युमिनियमचे प्रमाण वाढून मुळांना अपाय होतो, म्हणून मी ते वापरत नाही.

घरगुती उपायांविषयी इथेच सांगून टाकतो, कारण याबाबत मला सर्वांत जास्त प्रश्न विचारले जातात. कॉफीचा उकळलेला चोथा जवळजवळ उदासीन असतो, कारण त्यातले आम्ल आपण पिऊन टाकलेले असते. पाइनच्या सुया आच्छादन म्हणून उत्तम, पण त्यांनी सामू म्हणण्यासारखा उतरत नाही. व्हिनेगरचा परिणाम अल्पकाळ टिकतो. आणि राख, चुना, अंड्यांची टरफले, ताजे शेण, या गोष्टी ब्लूबेरीच्या आसपासही आणू नयेत, मग आजीने गुलाबाला त्या घालून कितीही फुले काढलेली असोत.

वाफा

मुळांची रचना समजली की पुढची पुष्कळ कामे आपोआप समजतात. ब्लूबेरीची मुळे केसासारखी बारीक असतात आणि पाणी शोषणारे सूक्ष्म मूलरोम त्यांना नसतातच. ती काम भागवतात मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीच्या मदतीने. बहुतेक मुळे वरच्या आठ ते बारा इंचांतच पसरतात, आणि चिकण, दाबलेली माती फोडून पुढे जाण्याची ताकद त्यांच्यात नसते. चिकट मातीत खड्डा खणून त्यात मऊ मिश्रण भरले, तर त्या खड्ड्याचा हौद होतो: पावसाचे पाणी त्यात उतरते आणि बाहेर पडत नाही. लाल मातीच्या परसात म्हणूनच आठ ते बारा इंच उंचीचा गादीवाफा करावा. वाफ्यातल्या मातीत तिच्या निम्म्यापर्यंत पीट मॉस, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुसा, मिसळावे. पीट स्वतः आम्ल असते, ओल धरते आणि मुळांना वाट देते. मात्र कोरडे पीट पाणी घेत नाही, ते पाण्यावर तरंगते. मी ते ढकलगाडीत टाकतो, कोमट पाणी ओततो आणि कणीक तिंबावी तसे हाताने तिंबतो. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब गळले की ते तयार झाले असे समजावे.

दिवसाचे निदान सहा, शक्यतो आठ तास ऊन लागेल अशी जागा निवडावी. सावलीत झुडूप जगते, पानेही देते, पण फळ तुरळक आणि आंबट येते. मोठ्या मेपलच्या जवळचा कोपरा टाळावा, कारण त्याची मुळे दोन वर्षांत गादीवाफ्यात शिरतात आणि पाण्यासाठीची ही स्पर्धा ब्लूबेरी कधीच जिंकत नाही.

वाण आणि लागवड

उत्तरेकडच्या हायबुश वाणांना हिवाळ्यात सात अंश सेल्सिअसखालील थंडीचे साधारण ८०० ते १००० तास लागतात, आणि न्यू जर्सीचा हिवाळा ते सहज पुरवतो. एकच झुडूप स्वतःच्या परागावर फळ धरू शकते, पण शेजारी दुसरे वाण असेल तर फळे मोठी होतात आणि जास्त लागतात, म्हणून निदान दोन वाणे लावावीत. तीन लावल्यास हंगामही लांबतो. मी ‘ड्यूक’, ‘ब्लूक्रॉप’ आणि ‘इलियट’ लावली आहेत. ड्यूक जूनच्या उत्तरार्धात पिकते. ब्लूक्रॉप हे १९५२ सालचे वाण जुलैभर विश्वासाने फळ देते, आणि नव्या माणसाला एकच नाव सांगायचे झाले तर मी तेच सांगेन. इलियट ऑगस्टमध्ये येते, तिची फळे आंबटसर असतात आणि पूर्ण पिकेपर्यंत थांबण्याचा संयम ठेवावा लागतो. मोठ्या फळाचा मोह असणाऱ्यांनी ‘चँडलर’ पाहावी.

दोन ते तीन वर्षांचे रोप घ्यावे. मोहोर आणि फळे लगडलेले मोठे रोप पाहून भुलू नये, कारण अशा रोपाची मुळे कुंडीत गोल गोल फिरून घट्ट झालेली असतात. लागवडीची वेळ मार्चअखेर ते एप्रिल, किंवा मग ऑक्टोबर. कुंडीतून काढल्यावर मुळांचा गोळा बोटांनी सोडवावा, आणि सुटत नसेल तर चाकूने तीन-चार ठिकाणी अर्धा इंच खोल उभ्या चिरा द्याव्यात. हे करताना हात कचरतो, पण न केल्यास पाच वर्षांनी झुडूप उपटले तरी मुळे कुंडीच्याच आकारात सापडतात. रोप कुंडीत जितके खोल होते तितकेच खोल लावावे, आणि दोन रोपांत चार ते पाच फूट अंतर ठेवावे. खड्ड्यात खत अजिबात घालू नये. लगेच भरपूर पाणी देऊन वर तीन ते चार इंच जाडीचे लाकडाच्या चुऱ्याचे, सालींचे किंवा पाइनच्या सुयांचे आच्छादन पसरावे, मात्र खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी राहू द्यावी.

यानंतरचे काम मनाला लागणारे आहे. पहिल्या वर्षी, आणि शक्य असेल तर दुसऱ्याही वर्षी, सगळा मोहोर खुडून टाकावा. फांदीच्या टोकाकडचे टपोरे, गोलसर डोळे फुलांचे असतात आणि खालचे बारीक, टोकदार डोळे पानांचे. टपोरे डोळे चिमटीत धरून बाजूला मोडले की निघतात. आमच्या मुलीने पहिल्या वर्षी फुलांचा एक घोस लपवून ठेवला आणि जुलैमध्ये सहा बेऱ्या विजयाने आणून दाखवल्या, पण ते झुडूप पुढची दोन वर्षे शेजारच्यांपेक्षा हातभर मागेच राहिले.

पाणी आणि खत

मुळे उथळ असल्याने ब्लूबेरीला पाण्याचा ताण फार लवकर बसतो, आणि तो दिसायला लागेपर्यंत फळे सुरकुतलेली असतात. वाढीच्या काळात आठवड्याला एक ते दोन इंच पाणी, पाऊस धरून, मिळाले पाहिजे. आच्छादन बाजूला सारून बोट खुपसावे, दोन इंचांवर माती कोरडी लागली की पाणी द्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये पुढच्या वर्षीचे फुलांचे डोळे धरण्याची तयारी होत असते, म्हणून फळे तोडून संपली तरी पाणी तोडू नये. विहिरीचे पाणी जड असेल, किटलीत पांढरी खरपुडी धरत असेल, तर त्यातला चुना दरवर्षी थोडा थोडा सामू चढवतो. छपराच्या पन्हाळीखाली एक पिंप ठेवून पावसाचे पाणी साठवणे हा यावरचा सोपा उपाय आहे. खुरपणी मात्र करू नये. कुदळ किंवा खुरपे दोन इंच जरी खाली गेले तरी मुळे तुटतात, म्हणून तण हाताने उपटावे.

ब्लूबेरीला नत्र अमोनियमच्या रूपात लागते, नायट्रेटचे तिला वावडे आहे, आणि क्लोराइड असलेली पोटॅशची खतेही तिला सोसत नाहीत. अमोनियम सल्फेट स्वस्त आहे, आणि ते सामू उतरवायलाही थोडा हातभार लावते. वसंतातल्या लागवडीनंतर चार ते सहा आठवड्यांनी, रोप सावरल्यावर, प्रत्येक झुडपाला एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, खोडापासून फूटभर अंतरावर गोलाकार पसरावे आणि पाणी द्यावे. पुढे दरवर्षी एक-एक औंस वाढवत जास्तीत जास्त आठ औंसांपर्यंत न्यावे, निम्मे डोळे फुटताना आणि निम्मे सहा आठवड्यांनी. जुलैनंतर खत घालू नये, कारण उशिरा फुटलेली कोवळी वाढ थंडीत जळते. सामू आधीच ५ च्या खाली असेल तर अमोनियम सल्फेटऐवजी युरिया वापरणे योग्य ठरते. दर दोन वर्षांनी माती तपासावी, आणि सामू वर सरकलेला दिसला तर शंभर चौरस फुटांना एक पौंडाहून जास्त नाही, एवढेच गंधक आच्छादनाखाली पसरावे.

मोहोर, पाखरे आणि किडी

एप्रिलच्या अखेरीस पांढरी, तोंड खाली केलेली, उलट्या घागरीसारखी फुले येतात. त्यांतला पराग परागकोशाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून सांडतो, जणू मिठाच्या डबीतून मीठ. भुंगा फुलाला लटकतो, पंख न हलवता अंग थरथरवतो आणि त्या थरथरीने पराग झाडून घेतो. जवळ उभे राहिले तर ती गुणगुण एकदम वरच्या पट्टीत गेलेली ऐकू येते. मधमाशीला ही युक्ती जमत नाही, त्यामुळे परसात भुंगे असणे मोलाचे आहे, आणि मोहोराच्या काळात कोणतेही कीटकनाशक फवारू नये. उमललेली फुले उणे दोन अंशांच्या आसपास जळतात, म्हणून मे महिन्यातल्या निरभ्र, थंड रात्री झुडपांवर जुनी चादर टाकावी आणि सकाळी काढून घ्यावी.

फळे हिरवी असतानाच जाळी लावावी. रॉबिन आणि कॅटबर्ड ही पाखरे रंग बदलण्याची वाट माणसापेक्षा जास्त चिकाटीने पाहत असतात, आणि एकदा चव लागली की जाळीतले प्रत्येक भोक त्यांना पाठ होते. जाळी झुडपावर नुसती टाकल्यास पाखरे वर बसून आरपार चोच घालतात आणि काही तिच्यात अडकून मरतात. वाफ्याभोवती लाकडाचा किंवा पाइपचा सहा-सात फुटी सांगाडा उभारावा, त्यावर पाऊण इंचाहून बारीक छिद्रांची जाळी ताणावी आणि तिची कड जमिनीपाशी विटांनी दाबावी. हरणांसाठी मात्र हा सांगाडा पुरत नाही. हिवाळ्यात ससे आणि हरणे कोवळ्या फांद्या कुरतडतात, म्हणून लहान झुडपांभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी गुंडाळावी.

जूनअखेरीस तांबूस-हिरवे चकचकीत जपानी भुंगेरे येतात. अमेरिकेत हा किडा प्रथम सापडला तो १९१६ साली, न्यू जर्सीतल्याच रिव्हर्टन गावाजवळच्या एका रोपवाटिकेत, म्हणजे ज्या काउंटीतून ज्या वर्षी ब्लूबेरीचे पहिले पीक निघाले, त्याच काउंटीत आणि त्याच वर्षी. सकाळी गारव्यात ते सुस्त असतात. साबणाच्या पाण्याचा डबा खाली धरून फांदीला टिचकी मारली की टपाटप पडतात. दुकानात मिळणारे त्यांचे सापळे वाफ्याजवळ टांगू नयेत, कारण त्या वासाने गल्लीतले सगळे भुंगेरे आपल्याकडे येतात.

ठिपकेवाल्या पंखाची फळमाशी ही गेल्या दीड दशकातली नवी पीडा आहे. साध्या फळमाश्या सडक्या फळावर येतात, ही मात्र चांगल्या, पिकू लागलेल्या फळाला करवतीसारख्या अवयवाने छेद देऊन आत अंडी घालते. लवकर येणारी ड्यूक तिच्यातून बहुतेक सुटते, इलियट सापडते. पिकलेले फळ झाडावर राहू न देणे, खाली पडलेले वेचणे आणि तोडलेले लगेच फ्रिजमध्ये ठेवणे, एवढे केले तरी घरगुती बागेत निभावते. रोगांपैकी ‘ममी बेरी’ तेवढी लक्षात ठेवावी. त्यात फळे गुलबट, सुरकुतलेली होऊन गळतात आणि त्यांतली बुरशी जमिनीवर हिवाळा काढून वसंतात पुन्हा पसरते. अशी फळे वेचून कचऱ्यात टाकावीत, कंपोस्टात नव्हे, आणि मार्चच्या सुरुवातीला ताज्या आच्छादनाचा दोन इंचांचा थर द्यावा, म्हणजे राहिलेली गाडली जातात.

तोडणी

निळे दिसणारे प्रत्येक फळ पिकलेले नसते, आणि ही चूक करवंदे खाऊन वाढलेल्या माणसाकडून हमखास होते. फळ निळे झाल्यावर आणखी तीन ते सात दिवस झाडावर राहू द्यावे, कारण गोडी याच दिवसांत भरते आणि तोडल्यावर ती वाढत नाही. देठाजवळ तांबूस कडे दिसत असेल तर थांबावे. हाताखाली वाटी धरून घोसावरून अंगठा हलकेच फिरवला की पिकलेली फळे आपणहून वाटीत पडतात, ओढावे लागणारे फळ तसेच सोडावे. आठवड्यातून दोनदा तोडणी केली तर हे गणित बसते. फळावरचा पांढुरका थर नैसर्गिक मेणाचा असतो आणि तो फळ टिकवतो, म्हणून धुणे खाण्याच्या वेळेपर्यंत टाळावे. जास्तीची फळे न धुता, कोरडी, ताटात एका थरात पसरून गोठवावीत आणि मग पिशवीत भरावीत, म्हणजे त्यांचा गोळा होत नाही. सहा ते आठ वर्षांचे, नीट राखलेले झुडूप हंगामाला पाच ते दहा पौंड फळ देते.

दर जुलैत फोटो पाठवले की नाशिकचा मामेभाऊ विचारतो, आमच्याकडे येईल का. त्याला मी सांगतो की न्यू जर्सीतली वाणे तिकडे फुलणार नाहीत, कारण महाराष्ट्राच्या मैदानी भागात सात अंशांखाली पारा उतरतो तो मोजक्या रात्री. ‘मिस्टी’, ‘शार्पब्लू’ किंवा ‘बिलॉक्सी’ यांसारखी दक्षिणी, कमी थंडीवर भागवणारी वाणेच तिथे करून पाहावीत, आणि तीही कुंडीत. देशावरची काळी माती साडेसात ते साडेआठ सामूची, वर चुनखडीची, ती गंधकाने वळवण्याच्या भानगडीत पडू नये. निदान ४० लिटरची कुंडी, पीट आणि धुतलेले कोकोपीट, दुपारनंतरची सावली, आणि पाण्याचा सामू चाचणीच्या कागदावर पाहून चिमूटभर सायट्रिक आम्लाने साडेपाचपर्यंत उतरवणे, एवढा खटाटोप करण्याची तयारी असेल तर गच्चीवर हौस भागते. महाबळेश्वरकडची जांभ्याची माती मुळातच आम्ल, त्यामुळे तिकडच्यांना काम थोडे सोपे आहे.

छाटणी

पहिली दोन वर्षे मोडकी फांदी काढण्यापलीकडे कात्री लावू नये. तिसऱ्या वर्षापासून दर फेब्रुवारीअखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला, झुडूप निजलेले असताना, छाटणी करावी. पाने नसल्याने तेव्हा सगळा सांगाडा उघडा दिसतो. फळ आदल्या वर्षीच्या कोवळ्या काडीवर येते, आणि जी मूळफांदी सहा वर्षांहून जुनी झाली, अंगठ्याहून जाड झाली, सालीला करड्या भेगा पडल्या, तिच्यावर अशा जोमदार काड्या फुटत नाहीत. दरवर्षी अशा जुन्या फांद्यांपैकी एक-दोन जमिनीलगत करवतीने कापाव्यात, साधारण पाचवा हिस्सा जुने लाकूड जाईल इतक्या, आणि बुंध्यातून आलेल्या नव्या फुटव्यांपैकी दोन-तीन दमदार ठेवून बाकीचे काढावेत. मग आतल्या बाजूला वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि जमिनीकडे लोंबणाऱ्या काड्या काढाव्यात, आणि शेवटी काडेपेटीच्या काडीएवढ्या बारीक, केरसुणीसारख्या झुबक्यांवर हात फिरवावा. भरात आलेल्या झुडपाला वेगवेगळ्या वयाच्या बारा ते अठरा मूळफांद्या असाव्यात.

पहिल्या वेळी माझ्याकडून एवढी छाटणी झाली नाही. टपोरे डोळे असलेली फांदी कापायला जीव होईना, म्हणून मी टोकेच छाटत बसलो, आणि फुलांचे डोळे नेमके टोकांवरच असतात. त्या जुलैत झुडूप कुंपणासारखे दाट झाले आणि फळ आले जेमतेम दोन वाट्या. आता मी आधी करवत घेतो आणि कात्री नंतर.